माउंट केनियावरील महाकाय लोबेलिया : प्रदर्शन-दालनासाठीच्या प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर २०२४

महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र दालनातील उत्तरेकडची भिंत ‘उष्ण कटिबंधातील उंच पर्वतांवरील वनस्पती’ या विषयासाठी द्यायचे आजच्या बैठकीत ठरले. हा विषय हाती घेतला की सगळ्याच खंडांतली एकेक नमुनेदार वनस्पती मांडण्याचा मोह होतो. अँडीजमधली पुया, हवाईमधली सिल्व्हरस्वोर्ड आणि आफ्रिकेतल्या लोबेलिया अशी रांग लावली की भिंत भरते, मात्र पाहणाऱ्याच्या हाती नावांपलीकडे काही लागत नाही. म्हणून एकच पर्वत आणि त्यावरच्या दोनच जाती घ्याव्यात असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. माउंट केनिया हा तो पर्वत, आणि लोबेलिया टेलेकी व लोबेलिया केनिएन्सिस या त्या दोन जाती.

ही निवड करण्यामागे ठोस कारण आहे. दोन्ही जाती एकाच पर्वतावर, साधारण एकाच उंचीच्या पट्ट्यात वाढतात. कित्येक ठिकाणी तर दगड फेकला तर पोचेल इतक्याच अंतरावर त्या एकमेकींच्या शेजारी असतात. तरीही टेलेकी आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते, तर केनिएन्सिस पुनःपुन्हा फुलते. वंश एक, पर्वत एक, हवामान एक असताना हा फरक का पडला, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर भिंतीवर नीट मांडता आले तर हा प्रकल्प सार्थ झाला असे मी मानीन.

१९ नोव्हेंबर २०२४

वाचन सुरू आहे. माउंट केनिया विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि त्याचे सर्वोच्च शिखर, बाटियान, ५,१९९ मीटर उंच आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीचा काउंट शामुएल टेलेकी १८८७ मध्ये या पर्वतावर वनरेषेच्या बराच वर, सुमारे ४,३५० मीटरपर्यंत, पोचला होता. ज्या दरीतून आजचे अनेक गिर्यारोहक वर जातात तिला आणि आमच्या दोन जातींपैकी एकीला त्याचेच नाव मिळाले आहे. केनिएन्सिसचे वर्णन रॉबर्ट आणि टोरे फ्रीस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ती किलिमांजारोवरच्या लोबेलिया डेकेनीची उपजात मानली जाऊ लागली. फलकावर मात्र आम्ही ‘केनिएन्सिस’ एवढेच लिहिणार आहोत, कारण शालेय मुलांना तीन शब्दांचे नाव वाचायला लावून काहीच साधणार नाही.

ओलोव हेडबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने आफ्रिकेतल्या या पर्वतमाथ्यांच्या हवामानाचे वर्णन ‘दररोज दिवसा उन्हाळा आणि दररोज रात्री हिवाळा’ असे केले आहे. आपल्याकडे थंडी आणि उन्हाळा यांना प्रत्येकी काही महिने मिळतात, आणि त्या काळात झाडे पाने गाळून, कंद जमिनीत ठेवून किंवा बी टाकून तयारी करू शकतात. विषुववृत्तावर ४,००० मीटर उंचीवर अशी सवड नसते. सगळे वर्ष जवळजवळ सारखेच जाते आणि तापमानातला मोठा चढउतार चोवीस तासांतच घडतो. त्यामुळे तिथल्या झाडाला गोठण्यापासून बचावाची व्यवस्था वर्षातल्या प्रत्येक रात्री चालू ठेवावी लागते आणि सकाळी पुन्हा अन्न तयार करायला सज्ज व्हावे लागते. पहिल्या फलकाचा पाया हाच असावा, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

१५ डिसेंबर २०२४

सध्या महाबळेश्वरच्या पठारावर देवनळ फुललेला आहे, म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलो. देवनळ, ढवळ किंवा रानतंबाखू म्हणून सह्याद्रीत ओळखली जाणारी ही वनस्पती म्हणजे लोबेलिया निकोटियानिफोलिया. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला लोबेलिया वंशातल्या ऱ्हिंकोपेटालम या गटात ठेवतात, आणि आफ्रिकेतल्या महाकाय लोबेलियाही याच गटात मोडतात. आपल्या घाटमाथ्यावर पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारा, पोकळ दांड्याचा, पांढऱ्या फुलांचा हा देवनळ केनियातल्या त्या झाडांचा जवळचा नातलग आहे, ही गोष्ट मुलांना ठाऊक असायला हवी. परदेशी वनस्पतींचे प्रदर्शन आपल्या मातीशी जोडण्यासाठी याहून खरा धागा मिळणार नाही.

फुलाची रचना तिथेच बसून भिंगाखाली पाहिली. पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची वाकडी नळी झालेली असते आणि पराग त्या नळीच्या आत सुटतात. कुक्षिवृंत खालून वाढत वर येतो आणि पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पराग नळीच्या टोकातून बाहेर लोटतो. या अवस्थेत फूल फक्त नर असते. पुढे कुक्षी नळीबाहेर येऊन उमलली की तेच फूल मादी होते. एकाच कणसावर खालची फुले मादी अवस्थेत आणि वरची नर अवस्थेत असल्याचे मुलांनी स्वतः शोधून काढले, याचा मला विशेष आनंद झाला. केनियातल्या दोन्ही जातींच्या फुलांची घडण हीच आहे. तिथे पराग वाहून नेणारा पाहुणा तेवढा वेगळा आहे.

वाळलेल्या देवनळाची धूळ नाकातोंडात गेली तर तंबाखूसारखी झोंबते आणि त्याच्या चिकात लोबेलीन हे अल्कलॉइड असते. त्यामुळे दालनात वाळका नमुना उघडा न ठेवता काचेच्या पेटीत ठेवायचा, अशी नोंद करून ठेवत आहे.

२२ जानेवारी २०२५, मेट स्टेशन

नारो मोरू मार्गाने चढायला सुरुवात केली. जानेवारी-फेब्रुवारी हा इथला कोरडा काळ आहे. खालच्या जंगलात पोडो आणि सीडरची झाडे, मग बांबू, त्यावर हगेनियाची शेवाळलेली झाडे असे पट्टे एकामागून एक येत गेले. मेट स्टेशनचा मुक्काम सुमारे ३,०५० मीटरवर आहे आणि उंचीची सवय व्हावी म्हणून इथे दोन रात्री राहणार आहोत. राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायचे किंवा उचलायचे नाही, फक्त मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे घ्यायची, हे सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितले.

२४ जानेवारी २०२५, टेलेकी दरी

हीथच्या झुडपांचा पट्टा संपला की गिर्यारोहक ज्याला ‘उभी दलदल’ म्हणतात तो उतार लागतो. गवताच्या झुबक्यांमधल्या पाण्यात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि चढण काही संपत नाही. याच पाणथळ उतारावर केनिएन्सिस प्रथम दिसली. पुस्तकांतली चित्रे पाहून मनात एकेकट्या उभ्या खांबाची प्रतिमा तयार होते, पण प्रत्यक्षात जमिनीलगत रुंद, हिरव्या, तकतकीत पानांचे मोठे पर्णगुच्छ दिसतात. अनेकदा एकाच झाडाचे कित्येक पर्णगुच्छ जवळजवळ उभे असतात आणि ते खाली खोडाने जोडलेले असतात. एक पर्णगुच्छ फुलला की तो मरतो, मात्र बाकीचे जगत राहतात, आणि म्हणून झाड अनेकदा फुलू शकते. ज्या झाडाचा एकच पर्णगुच्छ आहे असे वरून वाटत होते, त्याच्याही बुडाशी जुन्या फुलोऱ्याचा काळा, कुजका बुंधा सापडला.

चित्रकार ताईंनी इथे आपला आराखडा बदलला. केनिएन्सिसचे चित्र फुलोऱ्यापासून सुरू न करता जमिनीखालच्या जोडणीपासून सुरू करायचे आणि मेलेला, फुललेला व अजून न फुललेला असे तिन्ही पर्णगुच्छ एकाच खोडावर दाखवायचे, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण वारंवार फुलणे म्हणजे काय हे शब्दांविना सांगणारे चित्र त्यातूनच तयार होईल.

सुमारे ४,२०० मीटरवरच्या मॅकिंडर्स कॅम्पला दुपारनंतर पोचलो. सगळ्यांची डोकी दुखत होती, त्यामुळे आज यापुढे काम केले नाही.

२५ जानेवारी २०२५, टेलेकी दरी

सूर्य दरीत उतरण्यापूर्वी बाहेर पडलो. पायाखालची माती करकरत होती. वाकून पाहिले तर जमिनीतून उभ्या आलेल्या बर्फाच्या बारीक सुयांनी मातीचा वरचा थर उचलून धरला होता. ऊन आले की या सुया वितळतात, माती खाली बसते आणि रात्री पुन्हा उचलली जाते. नुकत्याच रुजलेल्या रोपाची मुळे या रोजच्या हालचालीत तुटतात. लोबेलियाचे बी अतिशय बारीक असते आणि त्यातून येणारे रोपही तसेच, त्यामुळे झाड मोठे होण्याआधीच्या काळात किती रोपे जात असतील याची कल्पना ती हललेली माती पाहून येते.

केनिएन्सिसचे पर्णगुच्छ रात्री मिटलेले होते. आतली पाने वाढत्या शेंड्यावर एकावर एक झाकण घालतात, आणि सकाळी ऊन लागले की पुन्हा उघडतात. पानांच्या तळाशी, पर्णगुच्छाच्या खोलगट भागात, पाणी साठलेले असते. त्या पाण्यावर आज बर्फाचा पातळ पापुद्रा होता. पेन्सिलीच्या टोकाने तो हलकेच दाबला तेव्हा खाली पाणी द्रवच असल्याचे दिसले. पेन्सिल बाहेर काढली तर टोकाला किंचित बुळबुळीतपणा लागला होता. हे नुसते पावसाचे पाणी नसून झाड त्यात स्वतः पेक्टिनसारखी शर्करायुक्त द्रव्ये सोडते. या झाडांचे अभ्यासक ट्रुमन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ मध्ये या द्रवाविषयी लिहिले आणि शेंड्याचे तापमान गोठणबिंदूखाली जाऊ न देण्यात त्याचा कसा वाटा आहे ते दाखवले.

या व्यवस्थेचे भौतिकशास्त्र विद्यार्थ्यांना ठाऊक असलेलेच आहे. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. वरचा थर गोठत असताना ही उष्णता खालच्या पाण्याला मिळत राहते आणि सगळे पाणी गोठेपर्यंत त्याचे तापमान शून्याच्या आसपास टिकते. रात्र संपेपर्यंत सगळे पाणी गोठले नाही, म्हणजे शेंडा वाचला. सकाळी नऊच्या सुमारास पापुद्रा पूर्ण विरघळला आणि पाने उघडी झाली, तेव्हा मी ताईंना म्हटले की फलकावर पर्णगुच्छाची मध्यरात्रीची आणि सकाळची अशी दोन्ही उभी छेदचित्रे हवीत. त्या आधीच दोन्ही कागदावर घेऊन बसल्या होत्या.

शेजारीच डेंड्रोसेनेसिओ केनिओडेंड्रॉनची खोडे उभी होती. मेलेली पाने खोडावरून गळून न पडता तिथेच लटकत राहतात आणि खोडाला गोधडीसारखे लपेटून ठेवतात. ते झाड आमच्या प्रकल्पाचा विषय नाही, तरी एका कोपऱ्यात त्याचे छोटे चित्र द्यायला हरकत नसावी.

२६ जानेवारी २०२५, टेलेकी दरी

आज टेलेकीचा दिवस. दरीच्या तळातल्या ओल्या जमिनीतून बाहेर पडून कडेच्या खडकाळ, कोरड्या उतारावर चढलो आणि काही पावलांतच केनिएन्सिस दिसेनाशी होऊन टेलेकी सुरू झाली. दोन्ही जाती जिथे अगदी जवळ येतात तिथे क्वचित त्यांचे संकरही आढळतात. तसे असले तरी ओल कुठे संपते हे झाडे पाहून सांगता येईल इतकी सीमा स्पष्ट आहे. वाटाड्याने पाय घट्ट रोवायला सांगत बोटाने ती सीमा दाखवली. तो लहानपणापासून या दरीत ये-जा करतो आणि त्याला लॅटिन नावांची गरज भासत नाही.

टेलेकीचा पर्णगुच्छ एकच असतो आणि त्यात केनिएन्सिससारखे तळे साठत नाही. पाने अरुंद आणि दाट असतात. फुलोरा मात्र थक्क करणारा आहे : जाड, सरळ, करडा, केसाळ स्तंभ, आणि मोठी झाडे जवळजवळ तीन मीटरपर्यंत जाणारी. जवळ गेल्यावर कळते की हे केस नसून लांब, बारीक, लोंबती सहपत्रे, म्हणजे फुलांच्या तळाशी येणारी पाने, आहेत आणि ती लवदार आहेत. बोटांनी ती हलकेच बाजूला केली की आत निळसर-जांभळी फुले दडलेली दिसतात. बाहेर थंड वारा सुटला होता, तरी सहपत्रांच्या आत बोटांना वारा लागत नव्हता. फुले, त्यांतला मध आणि तयार होणारी बोंडे या सर्वांना या आवरणाचा आडोसा मिळतो.

फुलोऱ्याचा दांडा आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत द्रव असतो. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या द्रवाचे कार्य सांगितले आहे. त्यात बर्फाचे स्फटिक जमण्यास चालना देणारे घटक असतात, त्यामुळे पाणी फार थंड होऊन एकाएकी गोठण्याऐवजी शून्याच्या किंचित खालीच हळूहळू गोठू लागते आणि रात्रभर उष्णता देत राहते. केनिएन्सिसने पर्णगुच्छाच्या उघड्या तळ्यात जे साधले, तेच टेलेकीने दांड्याच्या बंद पोकळीत साधले आहे. गोठण्याशी झगडण्यापेक्षा गोठण्याचाच उपयोग करून घेण्याची ही रीत मला या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती पाचवीतल्या मुलालाही समजावी अशा तऱ्हेने मांडायची आहे.

उतारावर जागोजागी मेलेल्या टेलेकीचे वाळके, पांढुरके दांडे उभे होते. एक आडवा पडलेला होता आणि त्याचे टोक मोडलेले असल्याने आतली पोकळी दिसली, तेव्हा तिचे मोजमाप घेतले. बोंडे कधीच फुटून रिकामी झाली होती. त्या झाडाच्या जागी मुळापासून दुसरा कोंब नव्हता.

२७ जानेवारी २०२५, टेलेकी दरी

सकाळभर एका फुललेल्या टेलेकीसमोर थांबलो आणि लाल पिसांच्या झुबक्यांचा मॅलाकाइट शिंजीर पाहिला. नर झळाळत्या हिरव्या रंगाचा, लांब शेपटीचा, आणि छातीच्या दोन्ही बाजूंना लाल झुबके असलेला आहे. हा पक्षी सहपत्रांवर पाय रोवून चोच आत घालतो. मध तर तो पितोच, शिवाय फुलोऱ्यातल्या माश्याही टिपतो. हे काम करताना त्याच्या कपाळाला पराग लागतात. दुसरा नर आला तेव्हा पहिल्याने झुबके फुलवून त्याला हाकलून दिले. इव्हान्स आणि हॅचवेल यांनी याच पर्वतावर या पक्ष्यावर प्रयोग केले होते आणि १९९२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांब शेपटीचा संबंध माद्यांच्या पसंतीशी होता, तर लाल झुबक्यांचा संबंध लोबेलियाचे फुलोरे असलेला इलाका राखण्याशी होता. एका झाडाच्या फुलोऱ्याने एका पक्ष्याच्या अंगावरच्या पिसांना अर्थ दिला, इतके हे नाते घट्ट आहे.

दुपारी खडकांवर हायरॅक्स ऊन खात बसलेले दिसले. सशाएवढा, बिनशेपटीचा हा प्राणी लोबेलियाची पाने आणि फुलोरे खातो, आणि कोरड्या वर्षांत ही नासधूस वाढते असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आम्ही पाहिलेल्या पर्णगुच्छांपैकी काहींचा शेंडाच कुरतडलेला होता. केनिएन्सिसचा एक गुच्छ असा गेला तर दुसरे उरतात. टेलेकीचा शेंडा गेला तर मात्र कित्येक दशकांची वाढ वाया जाते. उद्या उतरायला सुरुवात.

९ फेब्रुवारी २०२५, सातारा

मुख्य फलकाचा मजकूर लिहायला घेतला. ताईंनी तात्पुरता मथळा ‘एकदाच फुलून प्राण सोडणारे झाड’ असा दिला होता आणि आमची त्यावर बराच वेळ चर्चा झाली. त्यांचे म्हणणे असे की मथळ्याने माणूस थांबला पाहिजे. माझे म्हणणे असे की माणूस थांबेल, पण करुण गोष्ट वाचून पुढे जाईल आणि मूळ प्रश्न विसरेल. आपल्या लोकांना एकदा फुलून मरणाऱ्या झाडांचे अप्रूप नाही. दर सात-आठ वर्षांनी सह्याद्रीचे उतार निळेजांभळे करून वाळून जाणारी कारवी सगळ्यांना माहीत आहे, बांधावरचा घायपात माहीत आहे. तेव्हा नुसते मरण दाखवून भागणार नाही. शेजारची बहीण का मरत नाही, हे सांगितले तरच मरणाचा अर्थ लागेल. कारवी आणि टेलेकी यांत एक महत्त्वाचा फरकही आहे. कारवी एका भागात सगळी एकदम फुलते, तर टेलेकीची झाडे आपापल्या वेळेला, एकेकटी फुलतात. त्यामुळे एकदम फुलून बी खाणाऱ्यांना पुरून उरण्याचे जे स्पष्टीकरण काही वनस्पतींना दिले जाते, ते इथे चालत नाही.

ट्रुमन यंग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून माउंट केनियावर खुणा केलेल्या झाडांची वर्षानुवर्षे पाहणी केली आणि १९९० मध्ये या प्रश्नाची उकल मांडली. ती मी फलकासाठी अशी लिहिली आहे :

‘लोबेलियाला फुलण्याएवढे मोठे व्हायला कित्येक दशके लागतात. एकदा फुलल्यावर पुन्हा फुलायचे तर झाडाने फुलोऱ्यावर सगळी पुंजी खर्च न करता काही मागे ठेवली पाहिजे आणि पुढच्या फुलोऱ्यापर्यंत जिवंत राहिले पाहिजे. ओल्या दरीत वाढ त्या मानाने लवकर होते, दोन फुलोऱ्यांमधले अंतर कमी असते आणि तोवर जगण्याची शक्यता चांगली असते. तिथे राखून ठेवलेल्या पुंजीचा उपयोग होतो. कोरड्या उतारावर वाढ मंद असते, दोन फुलोऱ्यांमधला काळ लांबतो आणि त्या काळात झाड मरण्याचा धोका वाढतो. तिथे मागे ठेवलेली पुंजी बहुधा वायाच जाईल. अशा जागी जे झाड सगळे काही एकाच फुलोऱ्यात घालते, त्याचे बी अधिक होते आणि त्याचीच संतती टिकते.’

याला आणखी एक गोष्ट पूरक आहे. टेलेकीत फुलोरा जितका मोठा, तितके बोंडागणिक बीही जास्त, म्हणजे आकार वाढवण्याचा मोबदला सवाईने मिळतो. केनिएन्सिसमध्ये तसे आढळले नाही. आणि केनिएन्सिस जसजशी दरीतून कोरड्या कडेकडे सरकते, तसतसे तिचे फुलणे विरळ होत जाते. पुनःपुन्हा फुलणे जिथे परवडेनासे होते, त्याच्या आसपासच तिची वस्ती संपते आणि टेलेकीची सुरू होते. ‘टेलेकी मरते कारण तिचे आयुष्य संपलेले असते’ असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे. कोरड्या जमिनीत पुन्हा फुलण्यासाठी जगणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून अशी घडली आहे.

ताईंना हे पटले आणि त्यांनीच नवा मथळा सुचवला : ‘ओल कुठे संपते?’ तो मला लगेच आवडला, कारण त्यात पाहणाऱ्याला काम दिले आहे. चित्रात त्याने ओल आणि कोरडे यांची सीमा शोधायची आहे.

२ मार्च २०२५

प्रतिकृतीचे काम गणपतीच्या कारखान्यातल्या दादांनी घेतले आहे. गणेशोत्सवाला अजून अवकाश असल्याने त्यांना वेळ आहे. टेलेकीचा गाभा पीव्हीसी पाइपावर फायबरचा थर देऊन होईल. खरी अडचण सहपत्रांची होती, कारण फायबरची सहपत्रे काट्यांसारखी दिसत होती. दादांनी ताग भिजवून, विंचरून, खळ लावून वाळवला आणि एकेक झुबका करड्या रंगात बुडवून दाखवला. उतारावर पाहिलेल्या स्तंभाचा मऊपणा त्यात आला आहे. आतली निळी फुले दिसण्यासाठी एका बाजूची सहपत्रे मुलांना हाताने सारता यावीत असे मी सांगितले. त्यावर ‘सर, मुलं महिन्याभरात उपटून टाकतील’ असे दादा म्हणाले. उपटली तर पुन्हा लावता येतील अशी त्या भागाची पट्टी सुटी ठेवायचे ठरले.

केनिएन्सिसच्या पर्णगुच्छात खरे पाणी ठेवायची कल्पना सोडून दिली, कारण डास होतील. पारदर्शक रेझिनचा थर आणि त्यावर दुधी काचेचा पातळ पापुद्रा वापरणार आहोत.

१६ मार्च २०२५

शेवटचा छोटा फलक इतर पर्वतांसाठी आहे. अँडीजमध्ये एस्पेलेतिया, पेरू आणि बोलिव्हियात अननसाच्या कुळातली पुया रायमोंदी, हवाईत सूर्यफुलाच्या कुळातली सिल्व्हरस्वोर्ड, आणि आफ्रिकेत लोबेलिया व डेंड्रोसेनेसिओ. कुळे वेगळी आणि खंड वेगळे असूनही मोठा पर्णगुच्छ आणि उंच फुलोरा हा साचा यांच्यात पुनःपुन्हा आला आहे. नामावळी टाळण्यासाठी चार चित्रे आणि दोन वाक्ये एवढ्यावरच हा फलक थांबवला.

तापमानवाढीचा उल्लेख मात्र सविस्तर ठेवला आहे, कारण तो याच झाडांच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे. पर्वत वर जाताना निमुळता होतो. हवा तापली की झाडांना वर सरकावे लागते, आणि वर जागा कमी असते. इथिओपियातल्या लोबेलिया ऱ्हिंकोपेटालमविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिचा बहुतांश योग्य अधिवास नाहीसा होण्याची शक्यता वर्तवली आहे. माउंट केनियावरचा लुईस हिमनद झपाट्याने आक्रसत गेला आहे आणि कोरड्या काळात हीथ व गवताळ पट्ट्यात मोठे वणवे लागतात. २०१२ मध्ये असा मोठा वणवा लागला होता. जे झाड फुलायला अनेक दशके घेते, त्याला बदललेल्या हवामानाशी जुळवून घ्यायला पिढ्याच मिळत नाहीत. दरीतली ओल कमी झाली तर केनिएन्सिसची सीमा कुठे जाईल हा प्रश्न आम्ही फलकावर उघडा ठेवला आहे.

३० मार्च २०२५

सर्व मजकूर छपाईसाठी दिला. देवनळाचा फलक टेलेकीच्या प्रतिकृतीला लागूनच, डाव्या हाताला येईल आणि त्यावर फुलाच्या नर व मादी अवस्थांची मुलांनी काढलेली रेखाटने मोठी करून लावली जातील. वाळक्या देवनळाच्या पेटीला सुतारांनी रबरी पट्टी बसवली आहे. प्रतिकृती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्यातून येतील. त्या दरवाजातून आत नेण्यासाठी टेलेकीचा दांडा मधोमध दोन भागांत सुटा करावा लागेल आणि तो जोड सहपत्रांखाली झाकला जाईल, असे दादांनी कळवले आहे. दालनाच्या मदतनीस विद्यार्थ्यांना माहिती सांगण्याचा सराव त्याच आठवड्यात सुरू करायचा आहे. पाहुण्यांना आधी झाडे न दाखवता चित्रातली ओली आणि कोरडी जमीन शोधायला सांगायचे, ही सूचना त्यांच्या टिपणात सर्वांत वर लिहिली आहे.